मदत हवी आहे: जानेवारीत मिनीॲपोलिसहून एकटीने दक्षिणेकडे, साधी सेडान, १६ दिवस

पाऊलखुणा
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिनीॲपोलिसहून निघून थंडीपासून सुटका होईल इतकं दक्षिणेला जायचं आहे. एकटीच आहे. गाडी २०१७ची फ्रंट व्हील ड्राइव्ह सेडान, टायर ऑल सीझन. अर्धे मुक्काम मोटेलमध्ये, अर्धे तंबूत. डोक्यात आहेत ही राष्ट्रीय उद्यानं: बिग बेंड, कार्ल्सबॅड, व्हाइट सॅन्ड्स, टूसॉनजवळचं सवारो, आणि जमलं तर ग्रँड कॅन्यन व डेथ व्हॅली. एच-१बी व्हिसावर आहे. प्रश्न असे:
१. जाताना आय-३५ने टेक्सासपर्यंत जावं, की विचिटावरून यूएस-५४ने थेट न्यू मेक्सिकोत उतरावं?
२. गाडीचं काय काय करून घ्यावं?
३. तंबूत रात्री किती थंडी असते? ३० अंशांची स्लीपिंग बॅग पुरेल का?
४. एकटीने जाताना नेमकी कोणती काळजी घ्यायची?
(तापमान फॅरनहाइटमध्ये लिहिलं तरी चालेल.)

रानवाट
आधी यादी कमी करा. टूसॉनहून घरी यायला साधारण १,६५० मैल आहेत. एकटीने चालवताना याचे चार दिवस होतात, हिवाळ्यात पाच धरा. जायला चार, यायला पाच, म्हणजे हातात सात दिवस उरतात. बिग बेंडला तीन, कार्ल्सबॅड आणि त्याच्या शेजारचं ग्वादालुपे पर्वतांचं उद्यान मिळून एक, व्हाइट सॅन्ड्सला एक, टूसॉनला दोन. संपले. डेथ व्हॅली टूसॉनहून आणखी ५०० मैल पुढे आहे, ती वेगळ्या सहलीत करा. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ ७,००० फुटांवर आहे. तिथे जानेवारीत बर्फच असतो, म्हणजे ज्यापासून पळताय तिथेच परत जाल.

हाच मुद्दा सगळ्या आखणीला लावा. नकाशावर किती दक्षिणेला आलो हे बघू नका, किती उंचीवर आहोत ते बघा. दर हजार फुटांना तापमान साधारण ३ ते ५ अंश उतरतं. बिग बेंडमध्येच नदीकाठचं रिओ ग्रांडे व्हिलेज १,८५० फुटांवर आहे आणि चिसोस बेसिन ५,४०० फुटांवर. एकाच उद्यानात, एकाच दुपारी, खाली हाफ शर्ट आणि वर जॅकेट अशी गत. व्हाइट सॅन्ड्स ४,००० फुटांवर आहे, दिवसा ऊन छान पण रात्री पाणी गोठतं. टूसॉन २,४०० फुटांवर, दुपारी ६५च्या आसपास, पहाटे ४०. म्हणून तंबूचे मुक्काम खालच्या ठिकाणी ठेवा आणि मोटेलचे वरच्या.

३० अंशांची बॅग पुरणार नाही. बॅगवर छापलेला आकडा बहुतेक वेळा तग धरण्याचा असतो, आरामाचा नव्हे. आरामासाठी त्यात १०-१५ अंश मिळवा. १५ किंवा ० अंशांची घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची मॅट: जमीन अंगातली ऊब ओढून घेते, नुसती बॅग जाड करून भागत नाही. आर-व्हॅल्यू (ऊब अडवण्याची क्षमता) ४च्या वरची घ्या, किंवा हवेच्या मॅटखाली फोमची एक घडीची मॅट टाका.

मैलाचा दगड
मार्गाबद्दल. जाताना आय-३५ घ्या. यूएस-५४ अंतराने जवळचा आहे, पण विचिटाच्या पुढे बराचसा दुपदरी. लिबरल, डॅलहार्ट, टुकुमकेरी असा मोकळ्या माळावरून जातो. वाऱ्याने बर्फ रस्त्यावर आडवा वाहतो, ऊन पडलेलं असतानाही समोरचं दिसेनासं होतं. व्हॉन ते करिझोझो या पट्ट्यात अडकलात तर मदत यायला तास लागतात.

पहिला दिवस कॅन्सस सिटी (साधारण ४४० मैल), दुसरा ओक्लाहोमा सिटी (३५०), तिसरा फोर्ट वर्थवरून आय-२०ने ॲबिलीन (३५०), चौथ्या दिवशी मिडलँड, फोर्ट स्टॉक्टन, मॅरेथॉन ही गावं करत बिग बेंड. जानेवारीत उजेड जेमतेम दहा तास. संध्याकाळी पाचनंतर हरणं रस्त्यावर येतात, खासकरून मॅरेथॉनच्या पुढे. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी सातलाच निघा. कॅन्सस टर्नपाइकवर रोख टोल नाही, नंबर प्लेटचा फोटो काढून बिल घरी येतं. थांबू नका.

मिनेसोटा-आयोवाच्या बर्फाला तुम्ही सरावलेल्या असाल. खरा धोका ओक्लाहोमा ते उत्तर टेक्सास इथे आहे, आणि तो बर्फाचा नाही, गोठणाऱ्या पावसाचा. जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर, त्याच्या वर मेक्सिकोच्या आखातावरून आलेली उबदार ओली हवा. पाऊस वरून पाणी म्हणूनच पडतो आणि टेकला की काच होतो. डांबर नुसतं ओलं दिसतं. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. ११ फेब्रुवारी २०२१ला पहाटे फोर्ट वर्थमध्ये आय-३५डब्ल्यूच्या उंचावलेल्या मार्गिकांवर १३०हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसं गेली. गाडीच्या थर्मामीटरवर ३५ किंवा कमी आणि पाऊस चालू, असं दिसलं की पुढच्या एक्झिटला उतरून मोटेल घ्या. ऑल व्हील ड्राइव्ह, हिवाळी टायर, अनुभव, यांपैकी काहीही त्या काचेवर चालत नाही. पुलावर सापडलातच तर ब्रेक नको, ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा.

रोज सकाळी निघण्याआधी त्या त्या राज्याचं रस्त्यांचं पान बघा: ५११एमएन, आयोवा ५११, कॅनड्राइव्ह, ड्राइव्हटेक्सास, एनएमरोड्स, एझेड५११. आयोवाच्या नकाशावर टोइंगला बंदी असं दिसलं तर निघूच नका. गाडी घसरून खड्ड्यात गेली तर ओढायला कुणी येणार नाही.

ग्रीस आणि पाना
गाडीचं मी सांगतो.

बॅटरी: चार वर्षांहून जुनी असेल तर लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून घ्या, नुसतं व्होल्टेज बघून कळत नाही. ० अंशाला लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिनला मात्र जास्त जोर लागतो. लिथियमचा जंप स्टार्टर घ्या, पण रात्री तो ट्रंकमध्ये ठेवू नका, खोलीत न्या. गारठलेला असला की ऐन वेळी दगा देतो.

टायर: दर १० अंशांना हवेच्या दाबात साधारण १ पीएसआय (दाबाचं एकक) फरक पडतो. घरी ० अंशाला दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३३ भरलेत तर टूसॉनच्या ६५ला तेच ३९-४० दिसतील. सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा आणि जास्तीची हवा सोडा. परतीच्या वाटेवर उलटं: ओक्लाहोमापासून रोज सकाळी मोजून भरत या. डॅशबोर्डवरचा दिवा सुमारे २५ टक्के हवा कमी झाल्याशिवाय लागत नाही, त्याच्यावर विसंबू नका. हवेचा दाब मोजायचा गेज आणि १२ व्होल्टचा छोटा पंप गाडीत असू द्या. खोबणीची खोली ५/३२ इंचाहून कमी असेल तर निघण्याआधी टायर बदला. नवे घेणारच असाल तर ऑल वेदर घ्या, बाजूला तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असते ते. पूर्ण हिवाळी टायरचं रबर मऊ, ४५ अंशांच्या वर ते भराभर झिजतं, आणि तुमचा अर्धा प्रवास त्या वरच आहे.

वॉशर फ्लुइड: हे बहुतेक जण विसरतात. घरून निघताना उणे २० किंवा त्याखालचं भरलेलं असतं. टेक्सासमध्ये संपतं, तिथल्या पंपावर किडे धुवायचं साधं फ्लुइड मिळतं, तेच भरलं जातं. परतीला कॅन्ससमध्ये ट्रकने मिठाचं पाणी उडवलं की काच आंधळी आणि नळीत बर्फ. एक गॅलन उणे २०चं ट्रंकमध्ये न्या आणि टाकी त्यानेच भरा.

कूलंट ५०-५० असेल तर उणे ३४पर्यंत चिंता नाही. पाच वर्षांत बदललं नसेल तर बदला. ओक्लाहोमा ओलांडल्यावर एकदा खालून पाण्याचा मारा करणाऱ्या कार वॉशमधून काढा, मीठ निघून जाईल. गोठणाऱ्या थंडीत मात्र धुऊ नका, दारांची रबरं चिकटतात.

ट्रंकमध्ये: घडीचं फावडं, १० पौंड वाळू, टो करायचा पट्टा, हेडलॅम्प, ब्लँकेट, दोन दिवसांचं खाणं. पाण्याच्या बाटल्या पाऊणच भरा, नाही तर गोठून फुटतात.

पाऊलखुणा
खूप आभार! दोन शंका. बर्फात अडकलेच तर इंजिन चालू ठेवायचं का? आणि मोटेल नाही मिळालं तर रेस्ट एरियात गाडीत झोपणं ठीक आहे का?

ग्रीस आणि पाना
तासाला दहा मिनिटं चालवा. दर वेळी आधी बाहेर जाऊन सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ काढा आणि वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. गाडी सोडून चालत जाऊ नका.

झोपताना मात्र इंजिन बंद. दोन काचा अर्धा-एक इंच खाली, नाही तर श्वासाची वाफ आतून गोठते. टेक्सासच्या रेस्ट एरियात २४ तासांपर्यंत थांबता येतं. दिव्याखाली, इमारतीजवळ, गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला.

कोरडी नदी
व्हिसावर आहात म्हणून हे नीट वाचा. बिग बेंडहून उत्तरेला निघताना ११८ आणि ३८५, दोन्ही रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलचे तपासणी नाके आहेत. व्हाइट सॅन्ड्सहून लास क्रूसेसकडे जाताना यूएस-७०वरही आहे. मूळ पासपोर्ट, छापलेला आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि आय-७९७ (एच-१बी मंजुरीचं पत्र) हाताशी ठेवा. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. फोनमधल्या फोटोवर राहू नका. आणि बिग बेंडमधून बोकियासला नदी ओलांडून मेक्सिकोत जायची सोय आहे, तिकडे जाऊ नका. परत येताना तो अमेरिकेत नव्याने प्रवेश ठरतो, व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल तर फार मोठी भानगड होऊ शकते.

पास: राष्ट्रीय उद्यानांचा रहिवाशांसाठीचा वार्षिक पास ८० डॉलरचा आहे. २०२६पासून परदेशातून येणाऱ्यांना तो २५० डॉलरला पडतो, त्यामुळे राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स बरोबर हवंच. बऱ्याच उद्यानांत रोख घेत नाहीत. कार्ल्सबॅडच्या गुहेला पास असला तरी प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागते, एक डॉलर वेगळा. आत बारा महिने ५६ अंश, पातळ स्वेटर पुरे.

रानवाट
बिग बेंडच्या कॅम्पग्राउंडचं आरक्षण आजच बघा, जानेवारीत जागा पटकन भरतात. रिओ ग्रांडे व्हिलेज पहिली पसंती. पश्चिमेला कॅस्टोलोनजवळचं कॉटनवुड छोटं आणि शांत आहे, तिथे जनरेटरला बंदी आहे. चिसोस बेसिनमधल्या बांधकामाची चालू स्थिती उद्यानाच्या पानावर पाहून मगच तिथलं काही ठरवा. तिथे अस्वलं आहेत, वासाची कुठलीही वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, लोखंडी पेटीत. गॅस (पेट्रोल) पँथर जंक्शन या उद्यानाच्या मुख्यालयाशी आणि रिओ ग्रांडे व्हिलेज इथेच, अर्ध्याखाली काटा येऊ देऊ नका.

एकटीसाठी: उद्यानात मोबाइल जवळपास चालत नाही. ऑफलाइन नकाशे उतरवून घ्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या, किंवा आयफोन १४ वा पुढचा असेल तर त्याची उपग्रह एसओएसची सोय घरी सरावाने वापरून बघा. घरच्या एका माणसाला रोजचा मार्ग, मुक्काम आणि "रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर अमुक नंबरला फोन कर" असं लिहून द्या. उद्यानाचा आपत्कालीन नंबर त्यातच. रेंजर आपण परतलो की नाही हे मोजत नाहीत. रोडसाइड योजनेत (गाडी वाटेत बंद पडली तर मदतीच्या) टो किती मैलांचा आहे तेही बघा. मूळ योजनेत तो अगदी थोडा असतो, आणि पँथर जंक्शनहून अल्पाइन १०० मैल आहे.

व्हाइट सॅन्ड्समध्ये अल्कली फ्लॅट ट्रेल ५ मैलांची, पण पायवाट अशी नाहीच, फक्त लाल खांब. वाऱ्याने पावलं मिनिटांत पुसली जातात. पुढचा खांब दिसत नसेल तर मागे फिरा. शेजारच्या क्षेपणास्त्र तळावर चाचणी असली की रस्ता तीन तासांपर्यंत बंद ठेवतात, आदल्या दिवशी वेळ बघून घ्या. आत तंबूची सोय नाही, मुक्काम अलामोगोर्डोत.

पाऊलखुणा
आराखडा असा केला: ४ दिवस जाणं, ३ बिग बेंड, मग व्हॅन हॉर्नवरून ग्वादालुपे आणि कार्ल्सबॅड, तिथून व्हाइट सॅन्ड्स, २ दिवस टूसॉन, ५ दिवस परत. फोन कार्ल्सबॅडहून आर्टेशिया आणि क्लाउडक्रॉफ्टवरून जा म्हणतोय. बरोबर?

मैलाचा दगड
नाही. यूएस-८२चा तो रस्ता क्लाउडक्रॉफ्टला ८,६०० फुटांवर चढतो आणि मग सोळाएक मैलांत ४,३०० फूट उतरतो. सावलीतल्या वळणांवर बर्फ दिवसचे दिवस राहतो. यूएस-६२/१८०ने एल पासो आणि तिथून यूएस-५४ने वर या, लांब पडेल पण खालून जाल. ग्वादालुपेच्या खिंडीत हिवाळ्यात वारा गाडी ढकलण्याइतका असतो, जोरदार वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी ती खिंड टाळा. व्हॅन हॉर्नला टाकी पूर्ण भरा, पुढे कार्ल्सबॅडच्या गुहेजवळच्या व्हाइट्स सिटीपर्यंत १०० मैल पंप नाही. परतीचे पाचही मुक्काम रद्द करता येतील असेच बुक करा.

कोरडी नदी
आणि टूसॉनकडे जाताना लॉर्ड्सबर्गच्या आसपास आय-१०वर धुळीचे लोट उठतात. समोर भिंत दिसली तर रस्त्यापासून जमेल तितकं बाजूला घ्या, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरून पाय काढा. मागचा ड्रायव्हर तुमच्या लाल दिव्याचा माग धरून तुमच्यावरच येऊन आदळतो.