बाबांच्या अस्थी: कलश कसला, लॉकेट कसलं?

प्रश्न (न्यू जर्सीहून): बाबा इथंच गेले. कॅटलॉगात सगळीकडे कबुतर, फुलपाखरू, नाहीतर फांद्या पसरलेलं झाड. कबुतरांनी गॅलरी घाण केली म्हणून बाबा काठी घेऊन बसायचे! आईला चिमूटभर रक्षा मावेल असं लॉकेट हवंय. बाकी नाशिकला, रामकुंडात. काय घेऊ?

उत्तर: विमानानं नेणार ना? मग धातूचा कलश नको. एक्स-रेत आतलं दिसत नाही आणि तपासणीवाले तो उघडत नाहीत. लाकडी घे, साधारण २०० घनइंचांचा.

उत्तर: लॉकेट स्टीलचं, स्क्रूवालं घ्या. भरल्यावर स्क्रूला थेंबभर गोंद लावा. माझं एकदा सैल झालं होतं, जीव गोळा झाला.

प्रश्नकर्ती: आभार. ॐ नको म्हणाली आई. बाबा देवळाबाहेर चपला सांभाळणारे. प्राजक्ताचं फूल कोरून घेतेय.