ऐतिहासिक स्त्रियांची वेशभूषा आणि नाच: तुम्ही कोण झालात? अनुभव लिहा

महिला दिन, सावित्रीबाईंची जयंती, गॅदरिंग, निमित्त काहीही असो, हल्ली सगळीकडे थीम ठेवून वेशभूषा आणि नाच बसवतात. मला हे मनापासून आवडतं, एखादीचं लुगडं नेसून तिच्या जागी उभं राहिलं की तिची माहिती वेगळी पाठ करावी लागत नाही. पण दरवर्षी झाशीची राणी आणि जिजाऊ याच दोघी जास्त दिसतात, बाकीच्या कितीजणी राहून जातात, म्हणून हा धागा. कोण झालात, नाच कसा बसवला, कपडे कुठून आणले, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सावित्रीबाई केल्या. १८४८ ला भिडेवाड्यात शाळा निघाली, त्या काळात वाटेत लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे म्हणून त्या जास्तीची साडी बरोबर ठेवायच्या, एवढ्याच गोष्टीवर अख्खा नाच. फेर धरलेल्या बायका झिम्म्याच्या ठेक्यावर तपकिरी कापडाचे तुकडे टाकतात, सावित्रीबाई चालतच राहतात, शाळेत पोचल्या की पिशवीतून धुतलेलं लुगडं काढून झटकतात आणि तिथे ठेका एकदम बंद. तो झटकल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. कपाळावर आडवी चिरी, नथ-गजरा काही नाही.

न्यू जर्सीहून
ताई, मस्त विषय. आम्ही मंडळात आनंदीबाई जोशींचा तो १८८५ चा फोटो स्टेजवर आणला, फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजमधल्या तिघी विद्यार्थिनी, साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या पेहरावातल्या सीरियाच्या सबात इस्लामबूली. फिलाडेल्फिया इथून गाडीने दोन तासांच्या आत आहे आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींना त्या बाकीच्या दोघींची नावंसुद्धा माहीत नव्हती. माझी जपानी शेजारीण किमोनो घालून आली, ओबी म्हणजे किमोनोचा कमरपट्टा तिने स्वतः बांधला, तिला गुडघे जवळ ठेवून छोटी पावलं टाकायची सवय आणि आम्ही काष्ट्यातल्या लांब टांगा टाकणाऱ्या, त्यामुळे फुगडी काही जमेना, मग तिघी हात धरून हळू गोल फिरतात आणि शेवटी फोटोसारख्या स्थिर होतात असं ठेवलं. निवेदनात एवढंच सांगितलं की १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसाव्या वाढदिवसाआधीच गेल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला आहेत, उन्हाळ्यात आम्ही सगळ्याजणी तिथे जाऊन आलो.

सांगली जिल्हा
माझी लेक हौसाताई पाटील झाली होती, क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी. स्वातंत्र्यलढ्यात हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक केलं, त्यात खरोखर मार खाल्ला, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं नेली! हलगीवर बसवलं सगळं. लुगडं तिच्या पणजीचं, विटलेलं, मुद्दाम इस्त्री केली नाही. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, आमच्या भागात त्यांना बघितलेली माणसं आहेत त्यामुळे पोरगी फार जपून करत होती.

जि. प. शाळेतली शिक्षिका
भाड्याचे ड्रेस आमच्या पालकांना परवडत नाहीत आणि मला ते मागायलाही आवडत नाही. आम्ही मुक्ता साळवे केली, फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी, जिचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयमध्ये छापून आला. परकर-पोलकं आणि हातात कागद, झाली वेशभूषा. बाकीच्या मुली लेझीम खेळतात, मध्येच थांबतात, मुक्ता निबंधातलं वाचते, पुन्हा लेझीम. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी मुक्ता होती आणि माईकशिवाय सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं.

इंदूर
आमच्याकडे अर्थातच अहिल्यादेवी, २०२५ ला तीनशेवी जयंती होती. घोडा-तलवार न घेता आम्ही महेश्वरचा माग दाखवला, त्यांनी तिथे विणकर वसवले ना, दोन रांगांत लांब ओढण्या ताणून धरलेल्या आणि मधून मुली धोट्यासारख्या इकडून तिकडे. अडचण झाली ती पांढऱ्या साडीची. सवाष्णीने पांढरं नेसून, कुंकू न लावता स्टेजवर जायचं हे सासूबाईंना पटेना. वाद घातला नाही, आई, तालमीला तरी चला म्हटलं. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले, मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही आणि पुढे तिनेच राज्य सांभाळलं, हा भाग बघून आल्या आणि दुसऱ्या दिवशी कपाटातली स्वतःची पांढरी माहेश्वरी काढून माझ्या हातात दिली.

कोल्हापूर
महाराणी ताराबाई करा की कुणीतरी! राजाराम महाराज १७०० ला गेल्यावर सात वर्षं औरंगजेबाशी झुंजल्या. आम्ही मर्दानी खेळाचे वस्ताद बोलावून लाठी शिकलो. एक सांगते, लाठी फिरवायची तर शिवलेली नऊवारी नको, उसवते. सुती घ्या, काष्टा घट्ट मारा, पदर कमरेला खोचा आणि केसांत पिना कमी लावा, टोचतात.