मदत हवी आहे: घरच्या सोयाबीनचं खायला काय काय करता येईल? (येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, भाची येतेय)

नमस्कार मंडळी. आम्ही औसा तालुक्यातले. दरवर्षी सोयाबीन पेरतो, रास झाली की पोती थेट लातूरच्या आडतीवर. सोयाबीन म्हणजे भाव. खायचं म्हणजे तूर, हरभरा, ज्वारी. यंदा मात्र २५ किलो बाजूला काढलंय, कारण भाची सोयाबीनवेडी आहे. तिच्या बॅगेला एक जपानी खेळण्यातली शेंग लटकते, दाबली की दाणा बाहेर डोकावतो. दिवसभर तेच चालू! परवा फोनवर म्हणाली, "मामी, घरात पोती भरलीत अन् मी पुण्यात टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या पनीरची, वडी विकत आणते."

सणाची भज्जी-आंबील होईलच, पण सोबत आपल्या रानातल्या दाण्याचं काहीतरी ठेवायचंय. दोन प्रयोग केले, दोन्ही फसले.

दुधासाठी सोयाबीन रात्रभर भिजवलं, सकाळी गार पाण्यात वाटून गाळलं. गॅसवर ठेवून वळते न वळते तोच फेस ओट्यावर. उरलेल्याला असा उग्र हिरवट वास, की सासूबाई म्हणाल्या, "बैल बी तोंड लावनार न्हाई ह्याला." मग कच्चंच दळून आणून ज्वारीच्या पिठात निम्मं घातलं अन् धपाटे केले. कडू झाले, कडा भेगाळल्या, पोट जड झालं ते वेगळंच.

तर वास कसा घालवायचा? टोफू घरच्या वस्तूंत होतो का? आणि पुढच्या वर्षी हिरव्या शेंगा तिच्या त्या खेळण्यातल्या जपानी शेंगेसारख्या, एदामामेसारख्या उकडून खाता येतील का, की त्याची जात वेगळी असते?

प्रतिसाद १
वासाचं मूळ वाटण्यात आहे. दाण्यात पाचवा हिस्सा तेल असतं. गार पाण्यात दाणा फुटला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) त्या तेलावर काम करतं आणि वास तयार होतो. म्हणून भिजवलेलं सोयाबीन चोळून सालं काढा, चिमूटभर सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, ते पाणी फेका आणि गरम पाण्यातच वाटा. पातेलं मोठं घ्या. फेस आला म्हणजे उकळी आली असं समजू नका. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत उकळा. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत, तुमच्या जड पोटाचं कारण बहुतेक तेच.
टोफूला लिंबू चालतं. आच बंद करून दोन-तीन मिनिटांनी पाण्यात कालवलेला रस थोडा थोडा सोडा, जास्त ढवळू नका. वडी जरा ठिसूळ होते, पण होते.

प्रतिसाद २
ताई, गाळल्यावर उरलेला चोथा टाकू नका! कांदा, कोथिंबीर, तीळ घालून ज्वारीच्या पिठात मळा, धपाटे मऊ होतात. कोरडं पीठच हवं असेल तर दाणे आधी उकळून, वाळवून, भाजून दळा. दहा वाट्यांत एक वाटी पुरे. आणि फुटाणे करा. भिजवून उकडलेले दाणे फडक्यावर सुकवायचे, कढईत तापल्या मिठात भाजायचे, वर तिखट. आमच्याकडं चहाच्या आधीच डबा रिकामा होतो.

प्रतिसाद ३
एदामामे म्हणजे सोयाबीनच, फक्त टपोऱ्या, गोडसर दाण्याचे वाण. आपलंही चालतं. दाणा भरलाय पण शेंग पिवळी पडली नाही, असे आठ-दहा दिवसच मिळतात. मिठाच्या पाण्यात शेंगेसकट उकडा. सोयाबीनचा हुरडाच म्हणा ना. फवारणीचं मात्र बघा. खायच्या दोन ओळी वेगळ्या ठेवा.
एक विचारतो, ते २५ किलो राशीतलंच आहे ना? पेरणीचं उरलेलं बियाणं असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं, ते खायला अजिबात घेऊ नका.

मूळ धागाकर्ती
राशीतलंच आहे, दादा. सगळ्यांचे आभार. रविवारी पावशेराचं करून पाहिलं, वास खरंच गेला. चोथ्याचे दोन धपाटे सासूबाईंनी खाल्ले अन् विचारलं, "पीठ कशाचं गं?" अजून सांगितलेलं नाही.
टोफूवर मात्र पाटा ठेवला, तर फडक्याच्या कडेनं सगळा बाहेर आला. वजन किती ठेवायचं असतं?