छताचं प्लास्टर पडलं, आत गंजलेली सळई दिसतेय. नुसतं प्लास्टर-पेंट करून भागेल का?

शेवंती

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आईबाबांचं घर जुन्या बिल्डिंगमध्ये आहे. बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये छताचं प्लास्टर चांगलं ताटाएवढं खाली आलं, रात्री पडलं म्हणून कोणाला लागलं नाही. आत सळया दिसतायत, तांबूस झाल्यात आणि बोट लावलं की गंजाचे पापुद्रेच निघतात. वर दुसऱ्यांचं बाथरूम आहे. शिवाय हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर गेलीय, बेडरूमच्या भिंतीला पोपडे आलेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्लास्टर मारतो, पुट्टी-पेंट करतो, आठवड्यात घर नव्यासारखं. बाबा हो म्हणून बसलेत, मला मात्र अजिबात पटत नाहीये. कोणी जाणकार असेल तर सांगा, आधी काय बघायचं आणि काय करायचं?

ओळंबा

शेवंती, बिल्डिंग तपासणी हेच माझं काम आहे म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी त्या भागाखालून येणंजाणं बंद करा. बाकीचं लटकलेलं प्लास्टर गवंड्याकडून ठोकून आजच काढून घ्या, जे पडायचंय ते माणूस खाली नसताना पडू दे. आणि पुट्टी-पेंट सध्या अजिबात नको. म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन असा प्रकार होईल तो.

का ते सांगतो, बाबांनाही वाचून दाखवा. चांगलं काँक्रीट भरपूर अल्कधर्मी असतं, पीएच 12-13 च्या घरात, त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो, पीएच 9 च्या आसपास उतरला की तो थर टिकत नाही, आणि त्यात वरून ओल मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, दुप्पट तर सहज, कधी त्याहून बरीच जास्त. ती जागा मिळवायला तो खालचं काँक्रीट ढकलून देतो. म्हणजे तुमच्याकडे पडलं ते नुसतं प्लास्टर नसावं, सळईला झाकणारा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हरही त्याबरोबर आलं असणार, पडलेल्या तुकड्यात खडी दिसतेय का बघा. गंजलेल्या सळईवर नवीन प्लास्टर मारलं तर आत गंज चालूच राहतो आणि काही काळाने ते नवीन प्लास्टरही डोक्यावर येतं.

पहिलं काम पाणी शोधायचं. वरच्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूमची जाळी नीट बंद करा, फरशीवर बोटभर पाणी भरून 24 तास ठेवा, आणि त्या वेळात तिथले नळ अजिबात वापरू नका. खाली ओल वाढली तर फरशीचे सांधे, ट्रॅपच्या (जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) कडा किंवा वॉटरप्रूफिंग यातलं काहीतरी गेलंय. नाही वाढली तर पाइप बघा. कोणी काही वापरत नसतानाही ओल सतत तशीच राहत असेल तर दाबाच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या लाइनवर संशय घ्या, अंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याच्या लाइनवर. वरच्यांना वेगळं पाण्याचं मीटर असेल तर त्यांचे सगळे नळ बंद करून मीटरकडे बघत बसा, काटा हलत असेल तर कुठेतरी पाइप गळतोय.

दुसरं, लाकडी दांडा घेऊन सगळ्या घराचं छत, बीम, कॉलम हलके ठोकत फिरा, डोक्यावर हेल्मेट घालून, आणि पडलेल्या भागाच्या कडेला उभं राहून. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथे आत पोकळी झालीय. तिथे खडूने गोल करा. बहुतेक वेळा पडलेल्या भागापेक्षा गोल केलेला भाग मोठा निघतो.

भेगांचं म्हणाल तर खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग खूप घरांत असते, केसासारखी असेल तर घाबरू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा आणि काही महिने लक्ष ठेवा. भेग वाढत गेली, 5 मिलिमीटरच्या पुढे उघडली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसायला लागली किंवा दारं-खिडक्या अडकायला लागल्या तर थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मला स्वतःला भिंतीच्या भेगेपेक्षा कॉलमवरच्या उभ्या भेगेची काळजी जास्त वाटते, विशेषतः तिच्या कडेने तांबूस डाग ओघळला असेल तर, कारण भिंत बऱ्याचदा नुसती आडोशाला असते आणि कॉलमवर सगळं घर उभं असतं.

फेजन्यूट्रल

ओळंबा यांनी छताचं सगळं सांगितलंच आहे, मी विजेचं सांगतो कारण ओल असलेल्या छतात वायरिंगच्या नळ्या असतात हे लोक विसरतात. पॅसेजमधल्या दिव्याचा किंवा पंख्याचा पॉइंट त्या ओल्या भागात असेल तर त्या लाइनचा एमसीबी (बोर्डातला, लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आत्ताच बंद करून ठेवा. ओलं कोरडं होईपर्यंत चालू करू नका.

आणि जुनं घर म्हणताय तर मेन बोर्डात आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे का बघा. एमसीबी असला म्हणजे झालं असं खूप जणांना वाटतं पण एमसीबी वायर वाचवतो, माणसाला शॉक लागताना तो पडेलच असं नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, दर तीन महिन्यांनी दाबा, सप्लाय खटकन बंद झाला पाहिजे, नाही झाला तर बदला. फक्त त्या बटणाने अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही, ते इलेक्ट्रिशियनकडून वेगळं मोजून घ्या. प्लग काढल्यावर गरम लागणारे किंवा काळपट पडलेले सॉकेट असतील तर तेही बदला, आत कनेक्शन ढिलं असतं.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो आधी बाहेर काढा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, वास नाही रंग नाही, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. यात तडजोड नको. विजेचा गीझर असेल तर त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय म्हणून कोणी तो बूच मारून बंद केलाय का तेही बघा.

शेवंती

दोघांचे खूप आभार! पडलेले तुकडे बघितले, खडी आहे. बाबांना वाचून दाखवलं, कॉन्ट्रॅक्टरला थांबवलंय. वरचे काका पाण्याच्या टेस्टला तयार झाले. अजून एक, बाल्कनी बाहेर आलेली आहे आणि बाबांच्या कुंड्यांनी पूर्ण भरलीय, एक मोठा पाण्याचा ड्रमसुद्धा आहे. खालून बाल्कनीलाही ओल दिसते. याचं काय करू?

ओळंबा

बरं झालं विचारलंत, हे मला पॅसेजइतकंच महत्त्वाचं वाटतं. बाहेर काढलेल्या बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, फरशीच्या जवळ. म्हणजे कुंड्यांचं पाणी मुरतं ते थेट तिच्यावर, आणि खालून बघून तिची अवस्था कळत नाही. वजनाचा अंदाज घ्या, ओल्या मातीचा 10 सेंटिमीटरचा थरसुद्धा चौरस मीटरला 170-180 किलो भरतो, आणि घरातला स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या आसपास वजन धरून केलेला असतो. 200 लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे 200 किलो एकाच ठिकाणी, तोही बऱ्याचदा टोकाला कठड्याजवळ, जिथल्या वजनाने बाल्कनीच्या भिंतीकडच्या मुळाशी ताण सगळ्यात जास्त येतो. ड्रम आजच रिकामा करा, कुंड्या उचला. बाबांना वाईट वाटेल, झाडं माणसाला लेकरांसारखी असतात, पण चार हलक्या कुंड्या आत खिडकीपाशी नक्की ठेवता येतील. बाल्कनीची पाणी जायची भोकं मोकळी करा आणि फरशीवर फरशी बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वजन वाढतं. इंजिनिअर येऊन बघेपर्यंत तिथे चारचौघांनी उभं राहू नका.

इंजिनिअरकडून काँक्रीटची ताकद आणि सळईचा गंज दोन्ही तपासून लेखी रिपोर्ट घ्या. दुरुस्तीत सळईच्या मागेपर्यंत खराब काँक्रीट काढणं, सळई घासून चकचकीत करणं, जास्त झिजली असेल तर जोडीला नवी देणं, गंजरोधक लावणं आणि मग पॉलिमर मिसळलेला मसाला, एवढं सगळं लिहून घ्या. मसाला भरायच्या आधी स्वतः जाऊन सळई बघा, फोटो काढा, आणि तुम्ही बघितल्याशिवाय भरायचं नाही हे कॉन्ट्रॅक्टरला आधीच सांगून ठेवा.