धाकट्या बहिणीला एमएस सांगितलाय, औषध लगेच सुरू करायचं का?

सिडकोकर_दादा
नमस्कार मंडळी. बहीण २६ वर्षांची आहे, सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. मध्यंतरी तिचा उजवा डोळा दुखायला लागला, डोळा फिरवला की जास्तच, आणि दोन दिवसांत धुरकट दिसायला लागलं. आईने देवघरातला कुंकवाचा करंडा समोर धरला तर डाव्या डोळ्याने कुंकू लालभडक आणि उजव्याने फिकट विटकरी, तेव्हा आम्ही हादरलोच. डोळ्याच्या डॉक्टरांनी न्यूरोकडे पाठवलं, एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग दिसले, मग पाठीतलं पाणी काढून तपासलं त्यात ऑलिगोक्लोनल बँड (मज्जासंस्थेत प्रतिकारशक्ती खवळल्याची खूण) पॉझिटिव्ह. पाच दिवस स्टेरॉईडचं सलाईन दिलं, आता डोळा जवळपास नॉर्मल आहे. न्यूरोवाले म्हणतायत मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस आहे, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि नसांवर हल्ला करते, रिटुक्सिमॅब नावाचं औषध सुरू करू. इकडे नातेवाईक म्हणतात डोळा बरा झाला ना मग एवढं मोठं औषध कशाला, आणि एकाने तर स्टेम सेलवाल्या सेंटरचा नंबर दिलाय, काही लाख भरा, आजार मुळापासून जाईल म्हणे. आई म्हणते दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून झालं हे सगळं. साखरपुडा झालाय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख बघत होतो. नक्की एमएसच असेल का, कशाने होतो, आणि थांबून बघितलं तर चालेल का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, घरात कोणाला झोप नाही.

पंचवटीची_ताई
दादा, मला एमएस आहे, बरीच वर्षं झाली, नोकरी करते, मुलगा शाळेत जातो. आधी आईला सांगा कॉम्प्युटरने काही झालेलं नाही. दुसरं म्हणजे थांबून बघू नका. स्टेरॉईडने चालू अटॅक लवकर ओसरतो, पुढचा अटॅक थांबत नाही, त्याचं औषध वेगळं असतं आणि तेच तुम्हाला सांगितलंय. आणि उन्हाळ्याचं आत्ताच डोक्यात ठेवा, एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटीवरून आली किंवा कडक पाण्याने आंघोळ केली की तोच डोळा परत धूसर होऊ शकतो, अंग थंड झालं की जातं, त्याला अटॅक म्हणत नाहीत, घाबरून लगेच सलाईन लावायला पळायचं नाही. नवीन त्रास २४ तासांच्या वर टिकला आणि ताप, लघवीचं इन्फेक्शन वगैरे काही नसेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

निफाडचा_रेसिडेंट
न्यूरॉलॉजीत शिकतोय, पेशंट न बघता सल्ला देणं बरोबर नाही तरी संशोधन काय सांगतं तेवढं लिहितो. एमएसची एक अशी टेस्ट नाही की रक्त दिलं आणि रिपोर्ट आला. मॅकडोनाल्ड निकष म्हणून आहेत, २००१ पासून वापरात, मधे मधे सुधारले. त्यात दोन गोष्टी बघतात, मज्जासंस्थेत वेगवेगळ्या जागी इजा आहे का आणि ती वेगवेगळ्या वेळी झालीय का. २०१७ पासून पाठीच्या पाण्यातले बँड दुसऱ्या मुद्द्याचा पुरावा म्हणून धरता येतात, म्हणून दुसऱ्या अटॅकची वाट बघत बसावं लागत नाही, आणि अगदी अलीकडच्या सुधारणेत डोळ्याची नस हीसुद्धा एक जागा म्हणून मोजतात. डागाच्या मधोमध बारीक शीर दिसते का तेही आता एमआरआयमध्ये बघतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत डोळा, डाग, बँड तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतायत. तरी एक विचारा, अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी या रक्ताच्या टेस्ट पाठवल्यात का, एमएससारखे दिसणारे वेगळे आजार त्यातून कळतात. त्यातला एनएमओ नावाचा आजार डोळ्यापासूनच सुरू होऊ शकतो आणि एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, ती एनएमओत उलटतात.

कशाने होतो याचं २०२२ मधलं काम मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांचे रक्ताचे नमुने वीस वर्षं साठवलेले होते, हार्वर्डच्या टीमने त्यांच्या आधारे अभ्यास केला. त्यातल्या ९५५ जणांना पुढे एमएस झाला आणि एपस्टाइन-बार व्हायरसची लागण झाल्यावर धोका ३२ पटीने वाढलेला दिसला, इतर व्हायरसचं तसं काही दिसलं नाही. त्याच महिन्यात स्टॅनफर्डवाल्यांनी दाखवलं की या व्हायरसच्या एका प्रोटीनचा तुकडा आपल्याच मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रोटीनसारखा दिसतो, म्हणजे काही पेशंटमध्ये व्हायरसवर उठलेल्या अँटिबॉडी आपल्याच घरात शिरतात. पण हा व्हायरस जगातल्या ९०-९५ टक्के मोठ्या माणसांत असतो, तुमच्या-माझ्यातही असेल, सगळ्यांना एमएस होत नाही, त्यात जनुकं, कमी व्हिटॅमिन डी, सिगरेट असं बरंच मिसळतं. म्हणून तिने काहीतरी चुकीचं केलं असं कुणी घरात बोलू देऊ नका.

औषधाचं: रिटुक्सिमॅब प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशींवर काम करतं. एमएससाठी अधिकृत मंजुरी त्याच्याच भावंडाला, ऑक्रेलिझुमॅबला आहे, २०१७ पासून, पण ते महाग पडतं. रिटुक्सिमॅब स्वीडनमध्ये कितीतरी वर्षं देतायत, तिथल्याच एका ट्रायलमध्ये दोन वर्षांत अटॅक आलेले पेशंट रिटुक्सिमॅबवर ३ टक्के आणि डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्यांवर १६ टक्के. आपल्याकडे सुरू करायच्या आधी टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासलेच पाहिजेत, लसी राहिल्या असतील तर त्या आधी घ्यायच्या. स्टेम सेलचं नीट समजून घ्या, केमो देऊन स्वतःच्याच बोन मॅरोतल्या पेशी परत देतात ती ट्रान्सप्लांट खरी आहे, निवडक पेशंटसाठी, मोठ्या हॉस्पिटलात. पण सेंटरवर जाऊन इंजेक्शन घ्या आणि बरे व्हा हे वेगळं, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) च्या २०१७ च्या गाईडलाईन्सप्रमाणे ट्रायलबाहेर तसं विकताच येत नाही. एक रुपया देऊ नका.

ओझर_एचएएल
वरच्या अँटिबॉडीच्या मुद्द्याला जोर देतो. माझ्या मिसेसला आधी एमएस म्हणून इंटरफेरॉन चालू केलं होतं, कुठे ते लिहीत नाही, आणि पुढच्या अटॅकला पाय गेले. मग मुंबईत अ‍ॅक्वापोरिन पॉझिटिव्ह आली, औषध बदललं, आता वॉकर सोडून चालते. ती एक टेस्ट आधी झाली असती तर! दादा, रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय पहिला डोस लावू नका.

सिडकोकर_दादा
सगळ्यांचे खूप खूप आभार. फाईल काढून बघितली, अ‍ॅक्वापोरिन निगेटिव्ह आहे, मॉगचा रिपोर्ट यायचाय. आईला आत्ताच ताईंचा मेसेज वाचून दाखवला, रडली पण जेवली. आता एकच, मुलाकडच्यांना सांगायचं का? आणि मुलंबाळं?

पंचवटीची_ताई
सांगायचंच, आणि लग्नाआधी. औषधं लपवून संसार होत नाही हो, दर सहा महिन्यांनी सलाईन लावायचं तर कुठे जाते म्हणून सांगणार? मुलाला एकट्याला घेऊन डॉक्टरांसमोर बसवा, त्याला जे विचारायचंय ते तिथेच विचारू दे, माझ्या मिस्टरांनी तेच केलं होतं. मुलांचं रेसिडेंट सांगतील.

निफाडचा_रेसिडेंट
ताईंशी सहमत. एमएसमुळे मूल होण्यात अडचण येत नाही. १९९८ चा युरोपातला २५४ बायकांचा अभ्यास आहे, गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक बरेच कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढले, म्हणून तेव्हा लक्ष ठेवायचं. मात्र औषध आणि दिवस राहणं याचं वेळापत्रक न्यूरो आणि गायनॅक दोघांनी बसून ठरवायचं, लग्नाची तारीख कळली की डॉक्टरांना लगेच सांगा. मॉगचा रिपोर्ट आला की इथे टाका, नाव झाकून.