मदत हवी आहे: बाबांचे तंबोरे आणि ५ लाख बडोद्याच्या संगीत विभागाला द्यायचे आहेत

सूरसोबती: बाबा बडोद्याच्या सूरसागर तळ्याकाठच्या संगीत महाविद्यालयात गाणं शिकले. त्यांच्या तंबोऱ्यांची जोडी आणि ५ लाख रुपये तिथेच द्यायचे आहेत. सुवर्णपदक ठेवावं की शिष्यवृत्ती? गुरुवारी माझं विमान आहे, लवकर सांगा.

खर्ज: तंबोरे मिरजेचे का? किती वर्षं बंद आहेत? फोटो टाका.

हिशेबनीस: विमान कुठलं? पासपोर्ट कुठला? नागरिकत्व बदललं असेल तर तुमचा पैसा विदेशी अंशदान (परदेशातली देणगी) धरतात, मूळ भारतीय असलात तरी. त्याचे नियम वेगळे.

जुना_बडोदेकर: पदक नकोच. ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५ हजार. तेवढ्यात महिन्यातले दोन-चार दिवस तबल्याची साथ मिळेल. विलंबित एकताल, म्हणजे अगदी संथ लयीतला ताल, शिकताना समोर माणूस हवा, यंत्रावरचा ठेका गायकासाठी थांबत नाही.

भीमपलासी: पदकाला नावं ठेवू नका. माझं आईने देव्हाऱ्यात ठेवलंय.

तानबाज: तंबोऱ्याचं अ‍ॅप घ्या. सूर लावायची कटकटच नाही.

कृष्णाकाठ: पैसा गुजरातला कशाला? गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत शिकले, संस्थेत गाणं शिकवायची पद्धत त्यांनीच आणली.

जुना_बडोदेकर: पलुसकरांचं लाहोरचं गांधर्व महाविद्यालय १९०१ चं. बडोद्यात गायक मौलाबक्षांची गायनशाळा सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ पासून आहे, तेच हे महाविद्यालय; विद्यापीठ तर १९४९ ला झालं. आणि बाबा जिथे शिकले तिथेच देणार ना ते!

सूरसोबती: मी अमेरिकन नागरिक आहे. पैसे आईच्या मुदतठेवीतले, ती पुण्यात असते. तंबोरे मिरजेचेच, एक काळी एकचा, दुसरा काळी पाचचा (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून सांगतात तो सूर). दहा वर्षं कोणी हात लावलेला नाही, एकाचा भोपळा तडकलाय.

हिशेबनीस: अहो, हे आधी सांगायचं! मग दान आईंचं. चेकवर सही त्यांची, दानपत्रही त्यांच्याच नावाने. वस्तूंच्या दानावर करसवलत मिळत नाही. त्या नव्या करप्रणालीत असतील तर पैशांवरही नाही.

खर्ज: तडकलेला भोपळा तसाच देऊ नका, आधी मिरजेला दुरुस्त करून घ्या. आणि दानपत्रात लिहा की व्याजातून आधी तारा आणि जवारी (घोडी घासून आवाज पुन्हा खुलवणं), उरलं तर साथीदार. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तार घासून खाच पडली की आवाज मिटतो. मग वाद्य कोपऱ्यात जातं आणि मुलं यंत्र लावून बसतात. वाद्य द्यायला लोक येतात, जवारीचा खर्च कोणी देत नाही.

सूरसोबती: आईला वाचून दाखवलं. बाबा रोज सकाळी जवारीचा दोरा सरकवत बसायचे, म्हणाली. पदक रद्द. विमान आठवडाभर पुढे ढकललंय. गाडीतून नेताना उभे ठेवू की आडवे?

खर्ज: आडवे. तारा ढिल्या करा, भोपळ्याखाली गादी घाला. वर काही ठेवू नका.