भूप रागावर बांधलेल्या चालीला कॉर्ड्स कशा लावाव्यात?

प्रश्न (साथीदार):
नमस्कार. मी पेटी शिकलो असून सध्या भावगीतांच्या एका हौशी मंडळात कीबोर्डवर साथ करतो. सप्तकातला कोणताही स्वर घेऊन त्यावर एकाआड एक असे आणखी दोन स्वर ठेवले की कॉर्ड तयार होते, एवढे मला ठाऊक आहे. बिलावल थाटाच्या (सातही शुद्ध स्वरांच्या संचाच्या) सात स्वरांतून सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे या तीन मेजर, रे-म-ध, ग-प-नि, ध-सा-ग या तीन मायनर आणि नि-रे-म ही डिमिनिश्ड कॉर्ड निघते. भूपात बांधलेल्या एका चालीला मी याच कॉर्ड्स लावल्या, तेव्हा गाण्यातला प्रत्येक स्वर त्या त्या कॉर्डमध्ये असूनही आमच्या गायिकेला चाल परकी वाटू लागली. स्केल (स्वरांची माळ) आणि कॉर्ड यांचे नाते नेमके काय आहे? आणि कान तयार असलेल्या माणसाला हे शास्त्र शिकून खरोखर काही मिळते का?

उत्तर (पांढरी चार):
आपला हिशेब बरोबर आहे, पण तो बिलावलाचा आहे. भूपात म आणि नि वर्ज्य (न घेण्याचे) असल्यामुळे उरलेल्या पाच स्वरांतून पूर्ण मेजर-मायनर कॉर्ड्स दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. चाल रिषभावर (रे) थांबली की सवयीने प-नि-रे वाजते आणि निषाद (नि) आत शिरतो. धैवतावर (ध) थांबली की म-ध-सा वाजते आणि मध्यम (म) येतो. गायिकेचा एकही स्वर चुकलेला नसतो, तरी भूप जाऊन बिलावल ऐकू येतो. रिषभाच्या जागी निषाद गाळून केवळ प आणि रे धरून पाहा.

खर्जातल्या (सर्वांत खालच्या) स्वराकडेही लक्ष द्यावे लागेल. ध-सा-ग ही कॉर्ड भूपातलीच आहे, परंतु तिचा धैवत खालच्या सप्तकात आवर्तनेच्या आवर्तने धरून ठेवला, तर कान त्या धैवतालाच षड्ज (सा) मानू लागतो आणि तेच पाच स्वर धानी रागासारखे भासतात. गंधाराला (ग) षड्ज मानले तर मालकंस राग, पंचमाला (प) मानले तर दुर्गा; आपल्याकडचा मूर्च्छनाभेद तो हाच. कोणते स्वर घ्यायचे हे स्केल सांगते, पण त्यांतला षड्ज कोणता हे बऱ्याच अंशी कॉर्डचा खालचा स्वर ठरवतो. हे उमगले की चूक कुठे होते आहे ते शोधायला वेळ लागत नाही, आणि शास्त्र शिकण्याचा मला दिसणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

उत्तर (तंबोरा):
वरील विवेचन मला मान्य आहे, तरीही सगळा दोष कॉर्डच्या निवडीवर टाकू नये असे वाटते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार स्वयंभू (न छेडता आपोआप) ऐकू येतो, त्याचे षड्जाशी प्रमाण ५:४ असते. कीबोर्डचा गंधार त्याहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका चढा असतो. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधारच असल्यामुळे गायिका नेमकी त्याच स्वरावर ठहराव करणार (थांबणार), आणि तिथे सा-ग-प दाबून ठेवली तर दोन गंधार एकमेकांना घासणारच. अशा ठहरावाखाली केवळ सा-प धरावे आणि गंधार गळ्याकडे सोपवावा. भूप आणि देशकार या रागांचे स्वर सारखेच आहेत. फरक आहे तो वादीचा, चलनाचा (स्वरांच्या वळणांचा) आणि ठहरावांचा. तो कॉर्डच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही, म्हणून शास्त्राइतकेच बैठकीचे ऐकणेही हवे.

प्रश्नकर्ता (साथीदार):
दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही गोष्टी येत्या तालमीत करून पाहीन. यमनाच्या चालीलाही अशीच काटछाट करावी लागेल का?

उत्तर (पांढरी चार):
यमनात सातही स्वर असल्यामुळे कॉर्ड्सची टंचाई नाही. मात्र मध्यम तीव्र (शुद्धाहून अर्धा स्वर चढा) असल्यामुळे म-ध-सा ही मेजर राहत नाही, डिमिनिश्ड होते. उलट रे-म-ध ही मायनरची मेजर होते. सा-ग-प वरून थेट या रे-म-ध वर जाऊन पुन्हा सा-ग-प वर या, म्हणजे तीव्र मध्यमाचा रंग स्पष्ट उमटेल. हात सवयीने शुद्ध मध्यमावर जाणार नाही, एवढे पाहावे.